‘उगाच भीती घालता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर तोल गेला असता, म्हणून सकाळी लिहितोय.

मी लेखात लिहिलं होतं की अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम घालून यंत्रं चालवायचा छोटा बोर्ड) याच्या ५ व्होल्ट पिनला बाहेरचा सप्लाय देणार असाल, तर यूएसबी केबलच्या लाल वायरीत १एन५८१९ डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग, टाका. नाहीतर बाहेरचा सप्लाय उलटा लॅपटॉपमध्ये शिरतो. त्यावर तुम्ही म्हणता, "बोर्डावर ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज असतोच. हौशी लोकांनी उगाच भीती घालू नये."

‘हौशी’ हा शब्द लागला. कुपवाड एमआयडीसीत अकरा वर्षं पॅनेल दुरुस्त करतोय. तासगावकडच्या द्राक्षबागांत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारे बोर्ड मी स्वतः बसवलेत. चूक दाखवा, ऐकून घेईन. पण समोरचा काय काम करतो हे न विचारताच त्याची लायकी काढायची, ही कुठली रीत?

आता फ्यूज. तो करंट बघतो, दिशा बघत नाही. करंट वाढून तो तापेपर्यंत व्होल्टेज सरळ पलीकडे लॅपटॉपला पोचलेलं असतं. बोर्डाच्या गोल पॉवर जॅकमधून ९ व्होल्ट दिले तर बोर्डावरचा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) यूएसबीची लाइन तोडतो, हे मलाही माहीत आहे. ५ व्होल्ट पिनला थेट दिलं की तो तोडत नाही, आणि सप्लाय उलटा केबलमधून लॅपटॉपकडे निघतो. केबल लॅपटॉपला न लावता तिच्या चपट्या टोकाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांवर मीटर धरा. माझ्या टेबलावर ४.९ व्होल्ट दाखवतो. तेच टोक एका साध्या यूएसबी हबमध्ये (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घातलं, तर कॉम्प्युटर नसतानाही हबचा दिवा लागला.

२०१७ साली सावळजच्या एका बागेत १२ व्होल्टच्या बॅटरीवर व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लावला होता. त्याचा प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा स्क्रू) हलला आणि आउटपुट ९ व्होल्टच्या वर गेलं. बोर्ड गेलाच, मांडीवरच्या लॅपटॉपचा पोर्टही गेला. लॅपटॉप बहिणीचा, हप्ते चालू, तिचं शेवटचं वर्ष. तिला फोनवर सांगताना माझी जीभ उचलत नव्हती. त्याला तुम्ही ‘उगाच’ म्हणता.

लेखातल्या चित्रात डायोडची पट्टी कुठल्या बाजूला ते नीट दिसत नव्हतं, हे तुमचं बरोबर. पट्टी बोर्डाकडे. चित्र बदललंय.

डायोडमध्ये थोडं व्होल्टेज पडतं (ड्रॉप), त्यामुळे सेन्सरचं रीडिंग चुकतं म्हणता, तर डायोड फक्त यूएसबीच्या वाटेत आहे. शेतात बोर्ड बाहेरच्या सप्लायवर चालतो. अर्डुइनोच्याच नॅनो या छोट्या बोर्डावर डायोड असतो, पण लेख नॅनोवर नव्हताच.

मीटर लावून बघा आणि आकडा इथेच लिहा. शून्य आला तर बोर्ड कुठला तेही कळवा, लेखात तशी भर घालतो.