बुरशी म्हणजे रोगच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नरक्या या सह्याद्रीतल्या झाडात राहणाऱ्या आणि औषधी द्रव्य बनवणाऱ्या बुरशीवरच्या माझ्या लेखाखाली कराडच्या एका वाचकांनी लिहिलंय, 'बुरशी म्हणजे झाडाचा रोग. रोगाला औषध म्हणून विकणारे तुमच्यासारखे शिकलेलेच गावाकडच्या माणसाला फसवतात.' खाली अजून बरेच मुद्दे आहेत, पण दादा, मी इथेच अडकलो. मी काय विकलं? लेखात कुठे पुडी, बाटली, फोन नंबर दिसला का तुम्हाला? मतभेद असू द्या, पण ही बोलायची पद्धत नाही. फोटोखाली ठिकाण लिहायला हवं होतं म्हणता, ते बरोबर, टाकतो.

आता रोगाचं. द्राक्षावरची भुरी, हळदीवरचा करपा बघून तुम्ही बोलताय हे कळतंय, तो रोगच आहे, कोण नाही म्हणतंय? पण नरक्याच्या चांगल्या हिरव्यागार पानात, सालीत, खोडातसुद्धा बुरशी राहते आणि झाडाला डाग नाही, वाळणं नाही, काही नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, एमएस्सीला असताना पाटणच्या वरच्या जंगलातली पानं आणून मी स्वतः हे केलंय. पानाच्या बाहेरची बुरशी मरावी म्हणून पान आधी अल्कोहोलमधून, मग हायपोक्लोराइटमधून (म्हणजे ब्लीचमधून), मग निर्जंतुक पाण्यातून काढायचं, बुरशी वाढवायच्या प्लेटवर ठेवायचं आणि ते शेवटचं धुतलेलं पाणीसुद्धा वेगळ्या प्लेटवर टाकून बघायचं. पाण्याच्या प्लेटवर काहीच उगवत नाही आणि पानाच्या कापलेल्या कडेतून मात्र पांढरे धागे बाहेर येतात, मग ती बुरशी आतलीच ना? झाड अशक्त झालं की यातल्या काही उलटून रोग करतात हेही खरंय, पण म्हणून सरसकट सगळ्यांना रोग म्हणायचं?

आणि औषधाचं म्हणाल तर कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी १९६६ ला एका चिनी झाडातून शोधलं, १९७२ ला ते आपल्या नरक्यात सापडलं. इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही कर्करोगाची औषधं त्याच्यापासूनच तयार झाली. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवणारं जे एन्झाइम असतं ते हे द्रव्य अडकवून ठेवतं, म्हणजे ते विषच आहे, काढा करून प्यायची वस्तू नाही, हे मी लेखात ठळक अक्षरात लिहिलं होतं, तेवढंच तुम्ही वाचलं नाही! २००५ ला जम्मूतल्या संशोधकांनी नरक्यातूनच काढलेली एक बुरशी फ्लास्कमध्ये तेच कॅम्प्टोथेसिन बनवते असं प्रसिद्ध केलं. त्याच्या आधी, १९९३ ला, अमेरिकेत यू नावाच्या झाडाच्या सालीतल्या बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध सापडलं होतं. हे सगळे फसवणारे का?

मला हा विषय इतका का लागतो तेही सांगतो. कोयनेकडे लहानपण गेलं माझं, नरक्याची तोडलेली खोडं ट्रकमध्ये भरून जाताना मी डोळ्यांनी बघितलीत. उद्या हेच द्रव्य बुरशीपासून मिळालं तर एवढी झाडं तोडायची गरजच पडणार नाही, म्हणून लिहितो मी.

बुरशी परत परत वाढवली की द्रव्य कमी होत जातं, मुळात मिळतंच थोडं, हा तुमचा मुद्दा, तर हो, होतं तसं, त्यावर काम चालू आहे, आत्ता त्यात शिरत नाही. खर्चाचा प्रश्नही तसाच. आणि 'आधी चार पुस्तकं वाचा' हे मला सांगू नका, साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला वनस्पतीशास्त्र शिकवतच रिटायर झालोय मी. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही, पण पुढच्या वेळी 'विकणारे' म्हणालात तर उत्तर मिळणार नाही.