स्टायलॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरचे ‘दोन आठवडे’: एक प्रतिवाद

मानेतील वाढलेल्या स्टायलॉइड हाडाच्या शस्त्रक्रियेविषयी एक मजकूर मोबाइलवरून सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: “कानाखालचे हे हाड म्हणजे किरकोळ बाब आहे. ते कापले की दोन आठवड्यांत माणूस ठणठणीत होतो. ओठ वाकडा झाला किंवा कान बधिर झाला, तर नस कापली गेली असे समजावे. शस्त्रक्रिया तोंडातूनच करून घ्यावी, मानेवर चीर घेण्याची गरज नसते. दोन आठवड्यांनंतरही दुखत असेल, तर डॉक्टरांची चूक झाली आहे किंवा आजार मुळात मनाचाच होता. आणि तेव्हा सगळ्या गोळ्या बंद कराव्यात, नाही तर सवय लागते.”

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. शस्त्रक्रियेला घाबरलेल्या माणसाला धीर यावा, एवढेच त्यांच्या मनात असते. परंतु ज्याच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे उलटले आहेत आणि ज्याला अजून विनासायास गिळता येत नाही, अशा माणसाच्या हाती तो पडला, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: डॉक्टरांवर संशय घ्यायचा, नाही तर स्वतःवर. मी या शस्त्रक्रियेतून गेलो आहे, आणि माझ्या सहाव्या आठवड्यातच एका जवळच्या नातेवाइकाने हा मजकूर मला पाठवला होता. त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला म्हणूनच आवश्यक वाटते.

पहिले विधान हाड किरकोळ असल्याचे. स्टायलॉइड हे सुटे हाड नाही. कवटीच्या तळाशी, कानाच्या खालच्या अंगाला जे हाड असते, त्यातूनच खाली आणि पुढे निघालेला तो सुईसारखा काटा आहे. त्याची लांबी साधारणपणे २.५ ते ३ सेंटिमीटर असते आणि ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरल्यास ते वाढलेले मानतात. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ वॉट ईगल यांनी १९३७ मध्ये या हाडामुळे होणाऱ्या त्रासाचे वर्णन केले, म्हणून या आजाराला ईगल सिंड्रोम म्हणतात. हाड वाढलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काहीही होत नाही, हे खरे आहे, आणि ‘किरकोळ’ हा समज कदाचित त्यातूनच आला असावा. पण ज्याला त्रास होतो, त्याच्या बाबतीत हाडाच्या लांबीइतकाच त्याचा शेजार महत्त्वाचा ठरतो. मेंदूला रक्त नेणारी आतली कॅरोटिड धमनी आणि चेहऱ्याला रक्त पुरवणारी बाहेरची कॅरोटिड धमनी या दोघींच्या मधल्या जागेकडे या काट्याचे टोक वळलेले असते. मेंदूतून रक्त परत आणणारी जुग्युलर शीर त्याच्या मागे असते. चेहऱ्याचा मज्जातंतू कवटीतून बाहेर पडतो तोच मुळी या हाडाच्या बुडाशी, आणि घसा, स्वरयंत्र, खांदा व जीभ यांचे मज्जातंतूही जवळूनच खाली उतरतात. शिवाय जीभ, घसा आणि जिभेच्या मुळाशी असलेले हायॉइड हाड यांच्याकडे जाणारे तीन स्नायू आणि दोन अस्थिबंध याच काट्याला चिकटलेले असतात. हाड कापायचे म्हणजे त्यावरचे हे सारे सोडवायचे आणि आजूबाजूचे मज्जातंतू हळुवारपणे बाजूला सारून धरायचे. हाड लहान असेल, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट लहान नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर जे दुखते ते बव्हंशी या वाटेवरचेच असते.

‘दोन आठवड्यांत ठणठणीत’ हे विधान या मजकुराचा कणा आहे, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहू. दोन आठवड्यांचा आकडा हवेतून आलेला नाही. मानेवरचे टाके साधारणपणे एका आठवड्याच्या आसपास निघतात, वरवरची सूज उतरू लागते आणि बैठे काम करणारे बरेच जण दोन-तीन आठवड्यांत कामावरही जाऊ लागतात. चूक होते ती त्या आकड्यात साऱ्या शरीराचे बरे होणे बसवताना. नुसत्या कातडीचे उदाहरण घेतले, तरी भरलेल्या जखमेचे बळ तीन आठवड्यांनी मूळच्या साधारण २० ते ३० टक्के असते आणि तीन महिन्यांनीही ते ८० टक्क्यांच्या आसपासच पोहोचते. जड वस्तू उचलू नका, वाकून जोर लावू नका, असे डॉक्टर पहिल्या आठवड्यांत बजावतात, त्यामागे हेही एक कारण असते. गिळण्याच्या स्नायूंची स्थिती आणखी नाजूक असते. हात मोडला तर तो झोळीत बांधून ठेवता येतो, परंतु घशाला अशी सुट्टी देता येत नाही. माणूस दिवसभरात शेकडो वेळा नुसती लाळच गिळतो, आणि दर वेळी नुकतेच हाडावरून सोडवलेले ते स्नायू ताणले जातात. बोलून आवाज थकणे, जांभई देताना कानाखाली ओढ बसणे, रात्री मान एका कुशीवर राहिल्याने सकाळी ती ताठरणे, हे सारे कित्येक आठवडे टिकू शकते आणि त्यात अनपेक्षित असे काही नाही.

या काळात दुखणे सरळ रेषेत कमीही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढल्यामुळे ते वाढते, मग उतरते. एखादा दिवस इतका चांगला जातो की माणूस मोकळेपणाने बोलतो, जेवतो, घरातले काम करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करतो. एकेका दिवसाची तुलना केली तर निराशाच पदरी पडते. मी दर रविवारी चार गोष्टी वहीत टिपून ठेवत असे: तोंड किती बोटे उघडते, कोणते अन्न गिळता येते, किती वेळ सलग बोलता येते आणि रात्री किती वेळा जाग येते. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण स्वतःचीच तीन बोटे उभी मावतात. माझे तोंड पहिल्या रविवारी जेमतेम दीड बोट उघडत होते. सहाव्या आठवड्यात मला काहीच फरक पडलेला नाही असे ठामपणे वाटत असताना वहीत मात्र अडीच बोटे लिहिलेली होती.

आता मज्जातंतूंविषयी. ओठ वाकडा होणे किंवा कानाची पाळी बधिर होणे म्हणजे नस कापली गेली, हे विधान अनेकांची झोप उडवते. मानेवरून चीर घेतली असता खालच्या ओठाला हलवणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची बारीक शाखा जबड्याच्या कडेजवळच असते, आणि शस्त्रक्रियेची जागा उघडी ठेवण्यासाठी ऊती बाजूला ओढून धरल्या की तिच्यावर ताण येतो. मज्जातंतू अखंड असूनही अशा ताणाने त्याचे संदेशवहन काही काळ थांबते. हसताना ओठ एका बाजूला कमी खाली जाणे हे बहुतेक वेळा यातूनच घडते आणि काही आठवड्यांत ते सुधारते. काहींना काही महिने लागतात. ताण अधिक असेल आणि आतले तंतू तुटले असतील, पण त्यांचे आवरण शाबूत असेल, तर तंतू पुन्हा वाढतात; त्यांचा वेग मात्र दिवसाला साधारण १ मिलिमीटर एवढाच असतो. ७-८ सेंटिमीटरचे अंतर कापायचे असेल तर नुसत्या वाढीलाच साधारण अडीच महिने लागतील, हे साधे गणित आहे, आणि ते दोन आठवड्यांत कसेही बसत नाही. कानाच्या पाळीचा आणि जबड्याच्या कोपऱ्याचा बधिरपणा हा त्वचेच्या संवेदनेच्या मज्जातंतूमुळे येतो. चीर घेताना त्याची एखादी शाखा खरोखर तुटते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही बधिर भाग महिनोन्‌महिने हळूहळू आक्रसत जातो. त्यात मध्येच मुंग्या येणे, खाज सुटणे, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे हे घाबरवते खरे, परंतु बहुधा ते संवेदना परतत असल्याचे लक्षण असते. खांद्याचे मात्र वेगळे आहे. हात डोक्याच्या वर उचलता येत नसेल किंवा खांदा खाली ओघळलेला दिसत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. ते डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण व्यायामोपचार लवकर सुरू झाल्यास खांदा आखडण्यापासून वाचतो.

या मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही, अशा एका दुखण्याची माहिती प्रत्येक रुग्णाला आधीच मिळाली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. जेवताना पहिला घास तोंडात घेताच जबड्याच्या कोपऱ्यात, कानापुढे, तीव्र कळ येते. पुढच्या घासांना ती उतरत जाते आणि पुढच्या जेवणाला पुन्हा पहिल्याच घासाला येते. मानेच्या या खोल भागातील शस्त्रक्रियांनंतर काही जणांना हे होते, आणि डॉक्टर त्याला पहिल्या घासाचे दुखणे अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. कानापुढच्या लाळग्रंथीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा एक पुरवठा शस्त्रक्रियेत दुखावतो, मग ती ग्रंथी उरलेल्या संदेशांना जास्तच जोराने प्रतिसाद देते आणि लाळ सोडताना कळवळून आकुंचन पावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हे दुखणे शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही सुरू होऊ शकते. म्हणजे ‘आता बरे होत आले’ असे वाटत असतानाच एक नवेच दुखणे उगवते. ज्याने फक्त तो मजकूर वाचला आहे, तो त्या क्षणी काय समजेल? अनेकांत ते काळाच्या ओघात सौम्य होते, आणि फार त्रास देत असेल तर त्यावर औषधे व इंजेक्शने उपलब्ध आहेत.

तोंडातून की मानेवरून, या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू होत नाही. तोंडातून केलेल्या शस्त्रक्रियेत बाहेर व्रण राहत नाही आणि वेळही बहुधा कमी लागतो. परंतु जागा अरुंद असते, हाडाच्या बुडापर्यंत पोहोचणे अवघड जाते आणि तोंडातील जंतू मानेच्या खोल भागात जाण्याचा धोका असतो. धमनी किंवा शीर दबलेली असेल आणि हाड वरपर्यंत काढायचे असेल, तर मानेवरून मिळणारी स्पष्ट दृष्टी महत्त्वाची ठरते. टॉन्सिलच्या जागेतून शस्त्रक्रिया झाली असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथील खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सुटते आणि तेव्हा रक्तस्राव होऊ शकतो. तोंडातून ताजे रक्त आले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. मान झपाट्याने सुजणे, श्वास अडखळणे, ताप येऊन गिळणेच बंद होणे, पापणी एका बाजूला खाली येणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे, यांनाही हेच लागू आहे. धीर धरण्याचा सल्ला या लक्षणांसाठी नाही.

‘डॉक्टरांची चूक किंवा मनाचा आजार’ या विधानातील पहिला अर्धा भाग पूर्णपणे खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. काही शस्त्रक्रिया खरोखर अपुऱ्या ठरतात. हाडाचा उरलेला तुकडा अजूनही टोचत असू शकतो, दुसऱ्या बाजूचे हाड त्रासाचे कारण असू शकते, किंवा निदानच चुकलेले असू शकते, कारण जबड्याच्या सांध्याचे, दाढेचे, मानेच्या मणक्यांचे आणि घशाच्या मज्जातंतूचे दुखणे याच जागी जाणवते. जुग्युलर शीर हाड आणि मानेचा पहिला मणका यांच्यामध्ये चेपली गेली असेल, तर केवळ हाड काढून दाब पुरेसा उतरत नाही, असेही घडते. पण हे ठरवायचे कसे? दोन आठवड्यांच्या कॅलेंडरवरून ते ठरत नाही. पूर्वीचेच दुखणे, पूर्वीच्याच हालचालीला, पूर्वीइतक्याच तीव्रतेने महिनोन्‌महिने येत राहिले, तर पुन्हा सीटी स्कॅन करून शोध घेणे रास्त आहे. दुखण्याचे स्वरूप बदलले असेल, जागा सरकली असेल आणि आठवड्यांच्या हिशेबात ते उतरत असेल, तर ते बहुधा जखमेचे आणि मज्जातंतूंचे दुखणे असते.

दुसरा अर्धा भाग मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. हा आजार क्वचित आढळणारा आणि साध्या तपासणीत सहज न सापडणारा असल्याने, निदान होईपर्यंत कित्येक रुग्णांनी ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकलेले असते. सीटी स्कॅनमध्ये हाड दिसते, तेव्हा आपले दुखणे खरे होते याचा पुरावा त्यांना पहिल्यांदा मिळतो. आणि शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्याच आठवड्यात तोच आरोप नव्याने पुढे येतो. दीर्घकाळ दुखत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेच्या संदेशांना अधिक संवेदनशील बनतात, आणि कारण दूर झाल्यावरही ही संवेदनशीलता उतरायला वेळ लागतो. ही शरीरातच घडणारी प्रक्रिया आहे. दीर्घ वेदनेने माणूस खचतो, त्याची झोप जाते, त्याला चिंता ग्रासते, हेही खरे. त्यासाठी मदत घ्यावी, जरूर घ्यावी. पण खचणे हा दुखण्याचा परिणाम असताना त्यालाच दुखण्याचे कारण ठरवणे म्हणजे आजारी माणसालाच दोषी ठरवणे होय.

राहिल्या गोळ्या. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या लवकर कमी कराव्यात आणि अफूवर्गातील तीव्र औषधे शक्य तितके थोडेच दिवस घ्यावीत, इतपत हा सल्ला बरोबर आहे. परंतु यातील अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधीपासून गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा कार्बामाझेपिन ही मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधे चालू असतात. ती एका दिवसात थांबवली तर झोप उडणे, अस्वस्थता, दुखणे उसळून येणे आणि क्वचित फेफरे येणे इथपर्यंत त्रास होऊ शकतो. त्यांची मात्रा टप्प्याटप्प्यानेच कमी करायची असते. रुग्णालयातून घरी जाताना कोणती गोळी, किती दिवसांनी, किती मिलिग्रॅमने कमी करायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद घरात जो कोणी औषधे हातात देतो, त्याच्याकडे ठेवावा.