लिफ्ट किट नंतर, आधी डिफचं तेल

दोन लाख किलोमीटर फिरलेली फोर बाय फोर हातात आली की बहुतेकांचा पहिला खर्च ठरलेला असतो: मोठे टायर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि पुढे एक लाइट बार. पैसे मोजके असतील तर माझं मत नेमकं उलटं आहे. बाहेरून दिसेल असं काहीही सुरुवातीला बसवू नका. अशा गाडीचं वय ओडोमीटरवर कळत नाही, ती किती पाण्यातून आणि चिखलातून गेली त्यावर ठरतं.

तपासायला पैसे लागत नाहीत, तिथून सुरू करा. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचं चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा. डावी-उजवीकडे धरून हललं तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा बघा. यातलं काहीही निघालं तर बाकी सगळी यादी बाजूला ठेवा.

ब्रेकही याच रांगेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेलं १५५ च्या आसपास. लांब उतारावर पेडल एकदम मऊ पडतं ते यामुळेच. दर दोन वर्षांनी बदला आणि रबरी होज वाकवून तडे बघा. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर कितीही टवटवीत दिसो, काढा.

त्यानंतर इंजिन मारणाऱ्या गोष्टी. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर बदलला नाही असंच धरा. बहुतेक डिझेल इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर घ्या, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. रेडिएटरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये, अडकलेला चिखल आतल्या बाजूने, इंजिनकडून पुढे पाणी मारून काढा. प्रेशर जपून, नाहीतर पातळ फिन्स आडव्या होतात.

आता डिफ, म्हणजे डिफरेन्शियल: अॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तासभर चालून तापलेला अॅक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे अॅक्सलला श्वास घेऊ देणारी छोटी नळी, चिखलाने बंद असेल तर ती कसर ऑइल सीलमधून पाणी ओढून भरून निघते. तेल दुधाळ होतं, बेअरिंगला गंज लागतो, आणि कुईं असा आवाज येईपर्यंत क्राउन-पिनियन, म्हणजे डिफचे मुख्य गिअर, गेलेलं असतं. तेल बदलताना भरायचा प्लग आधी उघडा. तो गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून बसलात, तर गाडी जागेवरच. प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा चालतो, कपचे चालत नाहीत. सपाट जागेवर, भोकातून तेल बाहेर ओघळेपर्यंत भरा. डिफमध्ये बहुधा जीएल ५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, पण मॅन्युअलने जीएल ४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ते ओतू नका, गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात.

ब्रीदरला लांब होज जोडून तो बॉनेटखाली उंच नेणं, एवढं एकच मॉडिफिकेशन मला सुरुवातीला मान्य आहे.

ग्रीस गन स्वतःची घ्या. गिअरबॉक्सकडून अॅक्सलला फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (वळणाऱ्या सांध्याला) आणि स्लिप जॉइंटला (सरकणाऱ्या सांध्याला) प्रत्येक पाण्याच्या फेरीनंतर ग्रीस मारा. क्रॉसला जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

एअर फिल्टर महागडा नको, नीट बसणारा हवा. फिल्टरच्या पुढे, इंजिनच्या बाजूच्या पाइपमध्ये बोट फिरवा. धूळ लागली तर कुठेतरी गळती आहे, आणि ती धूळ सिलिंडर घासते आहे.

शॉक अॅब्सॉर्बरला जरा तेल सुटलंय, सस्पेन्शनचे बुश कुरकुरतात, सीट फाटलीय: हे सगळं थांबू शकतं. चॅसीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, गंज मात्र थांबत नाही. आतला चिखल पाणी मारून काढा, पाणी निघून जायची भोकं तारेने मोकळी करा आणि हातोडीने हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला, तर लिफ्ट किटचे पैसे वेल्डिंगला लागणार आहेत.