कॉमेंटेटर म्यूट करण्याआधी

ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचे दिवस आले की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गटांत एक जुनंच मत नवे कपडे घालून फिरू लागतं. शब्द बदलतात, गाभा तोच. म्हणे बेसबॉलच्या कॉमेंटेटरची सद्दी संपली. पडद्यावर दिसतं तेच तो सांगतो, खेळ संथ म्हणून तीन तास वायफळ बोलत राहतो, ज्या संघाचं मीठ खातो त्याची आरती ओवाळतो. आता प्रत्येक चेंडूची नोंद यंत्रच ठेवतं, तर आवाजही यंत्राचाच लावा.

आरोप चार. त्यातल्या एकात तथ्य आहे आणि ते मी मुकाट मान्य करणार आहे, पण पाळी आल्यावर.

‘दिसतं तेच सांगतो’ याचं उत्तर १९५८ सालीच मिळालेलं आहे. त्या वर्षी डॉजर्स हा बेसबॉल संघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला आला. स्वतःचं मैदान बांधून व्हायचं होतं, म्हणून सामने ऑलिंपिकच्या कोलिझियममध्ये. मैदान अवाढव्य, मागच्या रांगेतून खेळाडू मुंग्यांएवढे. लोक येताना ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले आणि संघाचा कॉमेंटेटर विन स्कली याचं धावतं वर्णन ऐकत सामना बघू लागले. १९६० मध्ये एका सामन्यात स्कलीच्या लक्षात आलं, आज अंपायर फ्रँक सेकरीचा वाढदिवस. त्याने रेडिओवरून सांगितलं, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी ओरडायचं. स्टेडियम एका सुरात ओरडलं, ‘हॅपी बर्थडे, फ्रँक!’ अंपायर चक्रावलाच. तिकीट काढून, उघड्या डोळ्यांनी सामना बघणाऱ्यांनाच तो आवाज हवा होता. डोळ्याला चेंडू दिसतो. चेंडू टाकणाऱ्या पिचरने चेंडू झेलणाऱ्या कॅचरची खूण दोनदा का नाकारली असेल, ते कुणीतरी दाखवावं लागतं.

गंमत म्हणजे तीसच्या दशकात तक्रार नेमकी उलटी होती. रेडिओवाला इतकं छान सांगतो की लोक घरीच बसतील, या भीतीने न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३४ ते १९३८ सामन्यांचं प्रक्षेपण आपसांत करार करून बंद ठेवलं. १९३९ मध्ये ब्रुकलिन संघाचा कारभार पाहणाऱ्या लॅरी मॅकफेलने तो करार पुढे चालवायला नकार दिला आणि सिनसिनाटीहून कॉमेंटेटर रेड बार्बरला आणलं.

आता वायफळ बोलण्याचं. बेसबॉलमध्ये मोकळा वेळ भरपूर, हे खरं. २०१३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने घड्याळ लावून मोजलं, तर तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष खेळ जेमतेम अठरा मिनिटांचा निघाला. २०२३ पासून पिचरच्या मागे घड्याळ लागलं, सामने आटोपशीर झाले, तरी मोकळा वेळ उरतोच. पण या धंद्यातले थोर लोक कशासाठी आठवतात बघा.

८ एप्रिल १९७४, अटलांटा. हँक एरनने ७१५ वा होमरन मारला आणि बेब रूथचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला. त्याआधी कित्येक महिने एरनला वर्णद्वेषी धमक्यांची पत्रं येत होती. चेंडू भिंतीपलीकडे गेल्यावर स्कलीने माइकपासून तोंड बाजूला घेतलं आणि बराच वेळ फक्त गर्दीचा आवाज ऐकू दिला. मग बोलला ते मोजकंच. दक्षिणेत एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत, हा देशासाठी केवढा क्षण आहे! आकडा सगळ्यांनाच दिसत होता. या वाक्यासाठी मात्र माणूस लागला.

१९८८ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना तर टीव्ही आणि रेडिओतला फरक शिकवायला पाठ म्हणून लावावा. दोन्ही पायांनी अधू झालेला कर्क गिब्सन शेवटच्या इनिंगमध्ये लंगडत आला आणि त्याने विजयी होमरन मारला. टीव्हीवर स्कली ‘गेला!’ एवढंच म्हणाला आणि मिनिटाहून जास्त वेळ गप्प बसला, कारण चित्र बोलत होतं. त्याच फटक्यावर रेडिओवर जॅक बक ओरडत होता की आत्ता जे पाहिलं त्यावर माझाच विश्वास बसत नाही. ऐकणाऱ्यांपुढे चित्र नव्हतं, तेव्हा आ वासायचं कामही त्यालाच करावं लागलं. बोलायचं किती, हे माध्यमाप्रमाणे ठरतं. रेड बार्बर तर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं, कारण आत्ताच रेडिओ लावलेल्याला आधी तेच हवं असतं.

तिसरा आरोप, संघाची आरती. इथे मी हात जोडतो. बहुतेक कॉमेंटेटर एक तर संघाचे नोकर असतात, नाही तर संघाच्या पसंतीने नेमलेले. शिकागो व्हाइट सॉक्सचा हॉक हॅरलसन आपल्या संघाला राजरोस ‘चांगली माणसं’ म्हणायचा. मला तो कधीच झेपला नाही. पण सगळेच भाट असते तर त्यांच्यावर संघांची खप्पामर्जी झाली नसती. २२ सप्टेंबर १९६६ रोजी यांकी स्टेडियममध्ये कसेबसे ४१३ प्रेक्षक होते. तेव्हा यांकीजचा कॉमेंटेटर असलेल्या बार्बरने रिकाम्या खुर्च्या दाखवायला सांगितलं, कॅमेरा तिकडे वळला नाही. तेव्हा त्यानेच सांगून टाकलं की या स्टेडियमच्या इतिहासातली ही सगळ्यात छोटी गर्दी आहे आणि आजची बातमी सामना नसून ही गर्दी आहे. काही दिवसांतच त्याला कळवण्यात आलं की करार पुढे चालणार नाही.

अलीकडचं उदाहरण २०२३ चं. बाल्टिमोर संघाचा कॉमेंटेटर केविन ब्राउनने आपला संघ टॅम्पा बेविरुद्ध त्यांच्या मैदानावर आधीची काही वर्षं किती हरत आला, ते आकड्यांसह सांगितलं. तेही कौतुकाच्या ओघात, कारण त्या वर्षी संघ जिंकत होता! तरी त्याला काही दिवस बाजूला ठेवल्याची बातमी फुटली. दुसऱ्या संघांच्या कॉमेंटेटरांनी थेट प्रक्षेपणातच बाल्टिमोर संघाला झोडपलं, आणि प्रेक्षकांनी बाल्टिमोरच्याच मैदानात त्याच्या नावाच्या घोषणा दिल्या. पगार संघ देतो, पण आवाज आपला आहे असं श्रोते धरून चालतात. डेट्रॉइटमध्ये कॉमेंटेटर एर्नी हारवेलला १९९१ च्या हंगामानंतर घरी बसवलं, तेव्हा उठलेला गदारोळ तो १९९३ मध्ये परत आल्यावरच शमला.

राहिलं यंत्र. नोंदी इकडे पाठवायच्या आणि आवाज तिकडे द्यायचा, हा प्रयोग नव्वद वर्षांपूर्वीच झालेला आहे. बाहेरगावी माणूस पाठवायचा खर्च झेपत नसे, म्हणून मैदानावरून तारेने कट्ट-कड-कट्ट नोंदी यायच्या, स्टुडिओत कॉमेंटेटर त्यावरून सामना रचायचा. लाकडावर काठी मारली की बॅटचा आवाज, तबकडीवर गर्दी. डॉजर्सचे स्पॅनिश कॉमेंटेटर हाइमे हारीन यांनीही सुरुवातीला बाहेरचे सामने स्टुडिओतच बसून, स्कलीचं इंग्रजी वर्णन कानाने घेत स्पॅनिशमध्ये उभे केले. मूळचे इक्वेडोरचे, नोकरी चालून आली तेव्हा बेसबॉल शिकायला एक वर्ष मागून घेतलेले. पुढे २०२२ पर्यंत ते माइकपुढे होते. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत रुळवलं, तसलंच हे काम. पण संघांना परवडू लागलं तसं त्यांनी हे स्टुडिओतलं नाटक बंद केलं आणि माणूस मैदानावर धाडला.

का धाडला, ते आयोवातल्या डे मॉइन शहरातल्या रेडिओवर शिकागो कब्जचे सामने असेच रचणाऱ्या एका तरुणाच्या किश्शावरून कळेल. त्याचं नाव रोनाल्ड रेगन. हा किस्सा तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही रंगवून सांगायचा. एकदा ऐन रंगात तार तुटली. गप्प बसलं तर लोक दुसरं स्टेशन लावतील. ज्याची नोंद धावफलकात होत नाही असा एकच फटका त्याला आठवला, रेषेबाहेर जाणारा फाउल. मग बॅटर बिली जर्जेस फाउल मारतच सुटला. डावीकडे, उजवीकडे, मागे. एका चेंडूसाठी तर प्रेक्षकांतली पोरंही भांडली. सहा-सात मिनिटांनी तार जुळली आणि चिठ्ठी हातात आली. जर्जेस पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता.