‘व्हॅनिलात काळी घाण’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रविवारी तुम्हाला 20 मिनिटं ताटकळावं लागलं, त्याबद्दल माफी मागते. हाताखालचा मुलगा सुट्टीवर होता, गल्ल्यावर मी एकटीच.

पण "आइस्क्रीममध्ये काळी घाण, स्वच्छतेच्या नावानं बोंब, वर एका कपाचे 110 रुपये" हे वाचल्यापासून धड झोप नाही. सर, ते काळे कण म्हणजे व्हॅनिलाच्या बिया. शेंग उभी चिरून आतला गर सुरीनं खरवडायचा, कोमट दुधात घालायचा आणि सालही त्याच दुधात मुरत ठेवायची. कण गाळून टाकले असते तर तुमची तक्रार आली नसती. पण मग हा बाटलीतला एसेन्स नाही, हे गिऱ्हाइकाला कळायचं कसं?

आता किमतीचं. व्हॅनिला ही ऑर्किडची वेल. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मान टाकतं. मूळची मेक्सिकोची; तिथल्या मधमाश्या आपल्याकडे नाहीत, म्हणून एकेका फुलाचं परागीकरण काडीनं हातानं करावं लागतं. ही युक्ती 1841 साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस या 12 वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली. शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने, आणि हिरव्या शेंगेला वास म्हणून नाही! गरम पाण्यातून काढायची, गुंडाळून घाम आणायचा, मग ऊन आणि सावली, यात आणखी काही महिने. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची जेमतेम किलोभर उरते. आम्ही घेतो त्या बागायतदारांनी पोफळीवर वेली चढवल्यात. दर ते सांगतील तो.

केकमध्ये मात्र एसेन्सच असतो, तसं बोर्डावर लिहिलंय. भट्टीत तो नाजूक वास उडून जातो, तिथे शेंग घालणं म्हणजे पैसे जाळणं.

"निदान पौष्टिक तरी आहे का?" असंही विचारलंत. खोटं कशाला बोलू? व्हॅनिलातून पोषण जवळपास शून्य. पोटात जातं ते दूध आणि साखर.

आणि एक. तुमचे कप मी स्वतः उचलले. चाटूनपुसून रिकामे होते, मुलीनं तर दुसरा मागून घेतला. तेव्हाच एक शब्द बोलला असतात, तर बरणीतली शेंग काढून तुमच्या हातात दिली असती.

बियांबद्दल पाटी लावतेय. रविवारच्या गर्दीचंही काहीतरी बघतो.