उबदार दुपार, गार माती

दर वर्षी एक दुपार अशी येते की स्वेटर काढून खांद्यावर टाकावासा वाटतो. त्याच संध्याकाळी माझ्या ओळखीतल्या निम्म्या बागवेड्यांचे मातीने माखलेल्या हातांचे फोटो झळकतात. "झाला एकदाचा श्रीगणेशा!" टोमॅटो, वाटाणा, काकडी, पालक, घेवडा, मिरची, सगळं एका दमात लावून मोकळे. मी फोटोला बदाम देते, पण मनात येतं, यातलं निम्मं फार लवकर झालं आणि उरलेल्या निम्म्याला बहुतेक उशीर झालाय.

एवढंच सांगायला ही लांबलचक पोस्ट. वसंतात 'लागवडीचा दिवस' असा एक दिवस नसतो. असतात ते पाच-सहा आठवडे, आणि त्यात प्रत्येक बीची वेळ वेगळी.

हे मला घेवड्याने शिकवलं. बाग सुरू केली त्या पहिल्या वसंतात मी अशाच एका दुपारी घेवड्याचे चाळीस दाणे टोकले. तीन आठवड्यांत उगवले दोन, तेही फाटक्या पानांचे. उकरून पाहिलं तर बाकीच्यांचा लगदा झालेला. साहजिकच मी बियाण्याच्या नावाने बोटं मोडली. मग कुणीतरी सुचवलं म्हणून पाकिटातले उरलेले दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवले. आठवड्याभरात नऊ रुजले. बी ठणठणीत होतं. खोट माझ्या घाईत होती.

तोवर माझी समजूत अशी होती की माती गार असेल तर बी गुपचूप पडून राहतं आणि ऊब आली की उगवतं. काही बियांचं तसं असतंही. घेवड्याचं नाही. कोरडा दाणा पहिल्या काही तासांत घटाघटा पाणी पितो. त्या वेळी त्याच्या पेशींची आवरणं अजून नीट जुळलेली नसतात. पाणी फार गार असेल तर ती आवरणं दुखावतात, आतली साखर बाहेर झिरपते आणि मातीतल्या बुरशीची चंगळ होते. म्हणजे दाणा वाट पाहत बसत नाही, तो सडतो. पुढच्या वर्षी मी मुद्दाम अर्धी ओळ लवकर टोकली आणि अर्धी तीन आठवड्यांनी. उशिराची ओळ आधी फुलावर आली. लवकरच्या ओळीत तर निम्म्या जागा रिकाम्याच होत्या.

तेव्हापासून माझ्याकडे टोकदार दांडीचा, टोचून मोजायचा एक थर्मामीटर आहे. मूळचा स्वयंपाकघरातला, आता तिथे परत यायला त्याला बंदी आहे. सकाळी लवकर जाऊन मी तो वाफ्यात पाच सेंटिमीटर खोल खुपसते आणि सलग तीन-चार दिवस आकडा लिहून ठेवते. दुपारी मोजायचं नाही. दुपारी वरचा थर तापलेला असतो आणि आपल्याला हवं तेच सांगतो.

या आकड्यांनी माझे डोळे उघडले. टोमॅटोचं बी 25 अंश सेल्सिअसला साधारण सहा दिवसांत उगवतं, 20 ला आठ, 15 ला जवळपास दोन आठवडे, आणि 10 अंशाला तब्बल सहा आठवडे. भेंडी 30 अंशाला आठवड्यात वर येते, 15 ला चार आठवडे घेते. मातीत सहा आठवडे पडून राहिलेल्या बीला किडा, बुरशी, पक्षी, जास्तीचं पाणी यांपैकी कुणीतरी गाठतंच.

पण वाटाणा 10 अंशाला दोन आठवड्यांत उगवतो. पालकाला तर गोठणबिंदूच्या जरा वरची मातीही चालते, फक्त वेळ लागतो. मुळा, गाजर, लेट्यूस हीदेखील याच कुळातली (वनस्पतिशास्त्रातलं कूळ नव्हे, स्वभावाचं). ही मंडळी उबदार दुपारची वाट पाहत नाहीत. उलट ऊन वाढलं की ती रुसतात. लेट्यूसचं बी माती 30 अंशांच्या वर गेली की झोपूनच जातं. दिवस मोठा झाला आणि उष्मा वाढला की पालक पानं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतो. वाटाण्याची फुलं गळतात. म्हणून सगळं एकाच दिवशी लावणाऱ्याचा दोन्हीकडून तोटा होतो. टोमॅटो गारठतो, पालक करपतो, आणि 'आपल्या हाताला गुणच नाही' असं म्हणून माणूस बाग सोडून देतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ओलाव्याबद्दल. आपल्या भाषेत यासाठी 'वाफसा' हा अस्सल शब्द आहे आणि घरच्या बागेत तो फारसा वापरला जात नाही याची मला खंत आहे. माती ना चिखल ना धूळ, हाताळायला नेमकी तयार, तो वाफसा. मूठभर माती घट्ट दाबा आणि मूठ उघडून बोटाने टोचा. गोळा भुसभुशीत होऊन सुटला तर कामाला लागा. चिकणमातीच्या लाडवासारखा तसाच राहिला तर हात धुवा आणि घरात जा. ओल्या मातीत कुदळ घातली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या चेपून जातात, मग वाळल्यावर दगडासारखी ढेकळं होतात. ती वर्षभर फुटत नाहीत. एका ओल्या शनिवारी मी वाफ्यात उभी राहून तण काढलं होतं. माझ्या पावलांच्या जागी त्या हंगामात गाजरं बोटाएवढी आणि वाकडीतिकडी आली. घाईच झाली असेल तर निदान फळीवर उभे राहा.

माती लवकर तापावी म्हणून काही करता येतं का? येतं. हिवाळ्यात घातलेलं पालापाचोळ्याचं आच्छादन बाजूला सारा, ते ऊब जशी धरून ठेवतं तशी बाहेरही अडवून ठेवतं. गादीवाफ्यातून, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यातून, पाणी लवकर निथळतं, त्यामुळे तो सपाट जमिनीच्या आधी तापतो. भिंतीजवळचा कोपराही मोकळ्या वाफ्याच्या पुढे असतो. माझ्या एवढ्याशा बागेत दोन टोकांत सकाळी दोन अंशांचा फरक पडतो. मग दुसऱ्या कुणाच्या बागेची तारीख माझ्या कामाची कशी असेल? पृथ्वीच्या उत्तरेकडे मार्चमध्ये वसंत सुरू होतो, दक्षिणेकडे सप्टेंबरमध्ये. लोक मात्र व्हिडिओ बघून त्याच आठवड्यात बी भिजत घालतात.

जिथे पाणी गोठवणारी थंडी पडते तिथे अजून एक गोची आहे, 'शेवटच्या कडक थंडीची सरासरी तारीख'. सरासरी हा शब्द आपण वाचतो आणि विसरतो. त्या तारखेनंतरही साधारण दोन वर्षांतून एकदा एखादी रात्र गोठवणारी निघते. आणि ती बेसावध गाठते, कारण दिवस छान उन्हाचा असतो. ढग जमिनीची ऊब पांघरुणासारखी धरून ठेवतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर तीच ऊब सरळ वर निघून जाते. तेव्हा संध्याकाळी चांदणं फार सुंदर दिसायला लागलं की मी जुन्या चादरी घेऊन बाहेर पळते. चादर जमिनीपर्यंत टेकवायची आणि पानांना चिकटू द्यायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ रोपं वाचतात.

खिडकीत वाढवलेल्या रोपांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. टोमॅटोला सहा ते आठ आठवडे आणि काकडीला तीन-चार आठवडे पुरतात. पण हौसेने तीन महिने आधी सुरुवात होते. मग खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात रोपं उंच, फिकी, माना टाकलेली होतात आणि तळाशी मुळांचा गुंता. उंच रोप म्हणजे जोमदार रोप, हा गैरसमज आहे. बुटकं, जाड देठाचं, गर्द हिरवं रोप घ्या, भले ते शेजारच्यापेक्षा निम्मं असो. टोमॅटोचं निदान एक बरं आहे, लांबलेला देठ खोल पुरला तर त्यालाही मुळं फुटतात. मिरचीकडून ही अपेक्षा ठेवू नका. गाजर-मुळ्याची तर रोपं करूच नका. त्यांचं बी जागेवरच पेरायचं आणि विरळणी करताना, म्हणजे दाटीतली जास्तीची रोपं उपटताना, जीव घट्ट करायचा.

बाहेर लावण्याआधी रोपं कणखर करणं लोकांना कंटाळवाणं वाटतं. मलाही वाटायचं. एकदा मी तीस रोपं थेट भर दुपारी उन्हात नेऊन ठेवली. दोन दिवसांत पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे. काचेआडचं ऊन आणि उघड्यावरचं ऊन यात एवढा फरक असतो, हे पानांनी सांगितलं. आता सात ते दहा दिवस घेते. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडं सकाळचं ऊन, थोडा वारा, पाणी जरा हात राखून, आणि शेवटच्या दोन-तीन रात्री बाहेर.

"आम्ही कायम ठरलेल्या तारखेलाच लावतो आणि सगळं येतं," असं कुणीतरी खाली लिहिणार, माहीत आहे. वीस वर्षं त्याच मातीत हात घातलेल्या माणसाची तारीख ही त्या मातीचीच आठवण असते. त्यांनी खुशाल तारखेवर जावं. अडचण होते ती ज्याने पहिल्याच वर्षी ती तारीख उसनी घेतली त्याची.

माझं आजचं सांगते. सकाळी वाफ्यात 11 अंश. वाटाणा बोटभर वर आलाय, मुळ्याची पहिली विरळणी झाली, पालक दुपानी आहे. कांद्याचं बी मागच्या वर्षीचं निघालं, ते फार टिकत नाही, म्हणून दहा दाणे ओल्या कागदात घातलेत. टोमॅटोची रोपं तासभर सावलीत बसून आत्ताच घरात आलीत. घेवड्याचं पाकीट ड्रॉवरमध्ये आहे, आणि परवापासून घरातल्यांनी मला दोनदा तो ड्रॉवर उघडताना पकडलंय.