सुंदर आहे म्हणूनच अंगावर येतं

आज लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानात मार्क रायडन या अमेरिकन चित्रकाराच्या चित्राची प्रिंट फ्रेम करायला दिली. ‘इन्कार्नेशन’, २००९ चं. मोठ्या डोळ्यांची एक नाजूक मुलगी, आणि तिच्या अंगातला पायघोळ झगा अख्खा मांसाचा. शेजारी उभे असलेले एक काका वाकून बघत म्हणाले, “घरात लहान मुलं असतील ना? असलं घाणेरडं भिंतीवर लावतात का?” तेव्हा गप्प बसले, पण डोकं अजून तापलेलं आहे.

घाणेरडं कुठे आहे त्यात? लाल मांसावरून गेलेल्या चरबीच्या त्या पांढऱ्या रेषा पैठणीच्या काठासारख्या निगुतीने रंगवल्यात. माणूस इतका जीव ओततो ते काय किळस आणायला?

मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’चं कव्हर आठवतंय? १९९१ चं. तेही रायडनचंच. ताईने कॅसेट आणली तेव्हा आजीने ते एवढंसं चित्र पोथी वाचायच्या भिंगाखाली धरलं होतं. मुखवट्याआडून बघणारे डोळे, कुत्र्याच्या तोंडाचा राजा, पक्ष्याच्या तोंडाची राणी. मी घाबरले होते. आजी म्हणाली, “अगं, बघ तरी किती मन लावून काढलंय!”

आणि त्याच आजीच्या देवघरात नरसिंह होता. मांडीवर हिरण्यकशिपू, पोट फाडलेलं, आतडी बाहेर. आम्ही रोज हात जोडायचो. गणपतीत पोरांना खांद्यावर घेऊन राक्षसवधाचे हलते देखावे दाखवतो, तेव्हा नाही कुणाला लहान मुलं आठवत! भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रस सांगताना बीभत्साला शृंगाराच्या पंगतीत बसवलं, आणि आपण एका झग्याला नाकं मुरडतो. संताप होतो नुसता.

शाकाहारी घरात वाढलेल्याला मांस बघवत नसेल, मान्य. रायडन कधीकधी फार गोडगोड होतो, तेही मान्य.

पण आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या पाठीवरची जखम मी धुवायचे. कातडीखालचा तो लाल रंग पहिल्यांदा इतक्या जवळून बघितला. किळस आली नाही. जपून, हळू हात लावावासा वाटला. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोच हात आठवला मला. त्या मुलीचा चेहरा इतका शांत आहे, कारण तिला त्या मांसाची लाज वाटत नाही. आपणही आतून तेच आहोत ना? काकांनाही कधी कुणाचं अंग पुसावं लागलं असेलच की. राग थोडा उतरलाय आता, लिहिता लिहिता.

फ्रेम पुढच्या आठवड्यात मिळेल, हॉलमध्येच लावणार आहे. तोवर ज्यांना बघायचंय त्यांनी फोनवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा. आधी चेहरा हाताने झाका आणि नुसता झगा बघा, मग झगा झाकून चेहरा. आणि मग दोन्ही एकदम.